परत कशाला येतोस?

काही प्रश्नांना उत्तर नसते. त्यांचा फक्त राग येतो. "ओळखलंत का मला?" हा त्यांतला एक. "हातात किती पडतात?" हा दुसरा. "अजून काउंटरवरच का?" हा तिसरा, पण तो मला इतकी वर्षे विचारला जातो आहे की एखादा आठवडा कोणी विचारला नाही तर चुकल्याचुकल्यासारखे होते. या तिघांनाही मागे टाकणारा चौथा प्रश्न सध्या आमच्या असोद्यात मुक्कामाला आला आहे. तो प्रश्न म्हणजे, "परत कशाला येतो?"

हा प्रश्न माझ्यासाठी नाही. मी कुठे गेलेलोच नाही. असोदा ते जळगाव, जळगाव ते असोदा, आणि मध्ये बँक, एवढेच माझे देशाटन. प्रश्न आहे माझ्या पुतण्यासाठी. तो पुण्याच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंग शिकतो आणि दोन कॉलेजांमधल्या करारानुसार एका सेमिस्टरसाठी जर्मनीला गेला आहे. एका सेमिस्टरसाठी, म्हणजे एका सहामाहीसाठी. या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच सहा महिन्यांचा. आमच्याकडे कपाशी साधारण तेवढ्या मुदतीत घरात येते. केळीला तर वर्ष लागते. तो मार्चअखेर गेला. आता जुलै उजाडला. तीन आठवड्यांनी त्याची परीक्षा संपेल आणि तो परत येईल. यात न समजण्यासारखे काय आहे? सकाळी शेतात गेलेला माणूस संध्याकाळी घरी येतो, तेव्हा त्याला कोणी "कशाला आलास?" असे विचारीत नाही. (बायको कधीकधी विचारते, पण त्याची कारणे वेगळी असतात.)

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो केशकर्तनालयात, गळ्यावर वस्तरा असताना. बाजूच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी आरशातूनच विचारले, "काय भो, तुमचा पोरगा येऊ राह्यला म्हने?"

मी मान हलवू शकत नव्हतो. नुसते "हं" म्हणालो.

"येतो कशाले? राह्य म्हना तिथंच."

वस्तरा गळ्यावर असताना वाद घालू नये एवढा व्यवहार कॉमर्सच्या पदवीधराला कळतो. मी गप्प बसलो. पण तिथून निघालो तो किराणा दुकानात. दुकानदाराने साखर तोलता तोलता तेच विचारले आणि वर पुस्ती जोडली, "इथं काय ठेवेल हाय?" आता, हे विचारणारा कोण? ज्याच्या आजोबांनी याच गावात एका खोलीत दुकान थाटले, वडिलांनी दुसरी खोली घेतली आणि ज्याने स्वतः वर दोन मजले चढवले, तो! इथे काही ठेवलेले नाही, असे तो गल्ल्यावर हात ठेवून सांगत होता. इथे जे काही ठेवले होते ते त्या गल्ल्यात आहे, हे मी त्याला सांगणार होतो. पण माझे महिन्याचे खाते त्याच्याकडे आहे.

त्यानंतर हा प्रश्न मला पारावर, बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा चक्क सांत्वनाला गेलो होतो तिथे विचारला गेला. मुलींची स्थळे जमवणाऱ्या एका मावशींनी तर मला बाजूला घेऊन व्याकरण समजावले. "हे बघा, 'मुलगा जर्मनीत असतो' म्हटलं की एक भाव येतो. 'मुलगा जर्मनीत होता' म्हटलं की दुसरा." वर्तमानकाळ आणि भूतकाळ यांत एवढा फरक असतो हे मला शाळेत कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तर व्याकरणात मी जास्त मार्क मिळवले असते.

गंमत म्हणजे "येऊ नको" म्हणणाऱ्या या सर्व मंडळींनी येताना आणायच्या वस्तूंच्या याद्याही दिलेल्या आहेत! चॉकलेटे, अत्तराच्या बाटल्या, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, एकाने तर ड्रिल मशीन. स्वस्त तिकिटावर विमानात बहुधा तेवीस किलोंची एक बॅग नेऊ देतात. याद्यांची बेरीज मी मारली (ती माझी सवय आहे) तर ती अडतीस किलो भरली, आणि त्यात पुतण्याचे कपडे धरलेले नाहीत. म्हणजे गावाची इच्छा अशी दिसते, की पोराने तिकडेच राहावे आणि बॅगेने तेवढे परत यावे.

आता थोडे हिशेबाचे बोलतो. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाकडून तुमची तेवढीच अपेक्षा असणार.

"तिथंच राह्य" हे सांगणे किती सोपे आहे! जणू तो जळगावच्या गोलाणी मार्केटला गेला आहे आणि आणखी तासभर थांबायचे की नाही एवढाच प्रश्न आहे. अहो, सहामाहीसाठी गेलेला विद्यार्थी म्हणजे मुदतीचा पाहुणा. जर्मनी काही त्याला पाहून भुललेली नाही. व्हिसा देण्याआधी तिने त्याच्या बापाला विचारले, की पोराला पोसायला पैसे आहेत का? आणि नुसते विचारून तिचे समाधान झाले नाही. ते तिने आधी एका गोठवलेल्या खात्यात भरायला लावले. सप्टेंबर 2024 पासून हा आकडा महिन्याला 992 युरो, वर्षाला 11,904 युरो असा ठरला. सहा महिन्यांचे धरले तरी 5,952 युरो. सोयीसाठी युरोला शंभर रुपये धरा. सहा लाखांच्या आसपास झाले. हे आपलेच पैसे, आपणच भरायचे, आणि मग ते आपल्यालाच दरमहा हप्त्याने मिळतात. बँकेत इतकी वर्षे काढूनही इतकी सुंदर योजना मला सुचली नाही. आमच्या दादाने, म्हणजे पुतण्याच्या बापाने, त्यासाठी दोन वर्षांच्या केळीचे पैसे बाजूला ठेवले आणि उरलेल्यासाठी सोने गहाण टाकले. सोने वहिनीचे होते. ते बांगड्यांच्या रूपात होते, एवढेच सांगतो.

बरे, तिथे नोकरी शोधायला अठरा महिन्यांची मुभा मिळते, हे पारावरच्या सर्व तज्ज्ञांना पाठ आहे. मिळते, खरी गोष्ट आहे. पण ती तिथल्या विद्यापीठाची पदवी घेणाऱ्याला. आमच्या पठ्ठ्याची पदवी अजून पुण्यात अर्धवट पडून आहे. एका सेमिस्टरच्या बळावर तिथे राहायचे म्हणजे लग्नाला आलेल्या पाहुण्याने जेवण झाल्यावर सातबाऱ्यावर नाव लावून मागण्यासारखे आहे.

आणि तो तिथे नेमके काय करतो आहे, हे कोणाला ठाऊक आहे? युरोपात अभ्यास मोजायचे एक माप आहे. एका सेमिस्टरला तीस श्रेयांक, आणि एका श्रेयांकाला पंचवीस ते तीस तासांचे काम. म्हणजे साडेसातशे ते नऊशे तास. यात वर्गात बसणे आले, घरी वाचणे आले, प्रयोग आले, परीक्षा आली. हे श्रेयांक तिकडच्या गुणपत्रिकेवर चढले पाहिजेत, मग ते इकडच्या कॉलेजाने मान्य केले पाहिजेत. नाहीतर सहा महिने गेले पाण्यात. म्हणजे हे शेवटचे तीन आठवडे पेरणीचे नाहीत, वेचणीचे आहेत. बोंडे फुटली आहेत, आभाळ भरून आले आहे, अशा वेळी कपाशी सोडून कोणी दुसऱ्याचे शेत बघायला जातो का? आणि त्याला रोज फोन जातात ते, "तिकडे काही बघितलंस का? कोणाला भेटलास का? नुसता अभ्यासच करतोस का?"

परीक्षेशिवायही त्याच्यामागे कमी व्याप नाहीत. खोली सोडायची आहे. तिथे खोली सोडणे म्हणजे नुसते कुलूप लावून किल्ली शेजारच्या काकूंकडे देणे नव्हे. खोली घेताना जशी होती तशी परत करायची. भिंतीवरचा खिळ्याचा डागसुद्धा मोजला जातो, आणि मगच अनामत रक्कम परत. नगरपालिकेत जाऊन "मी तुमचे गाव सोडतो आहे" अशी नोंद करायची. खोलीत साठलेल्या रिकाम्या बाटल्या दुकानात नेऊन यंत्रात घालायच्या, कारण एकेका प्लॅस्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत दिलेली असते. शंभराच्या हिशेबाने पंचवीस रुपये! "काका, चाळीस बाटल्या झाल्या आहेत," तो फोनवर म्हणाला. मी ताबडतोब म्हणालो, "दहा युरो." आमच्या घराण्यात हिशेब रक्तात आहे.

हे सगळे करणाऱ्या मुलाला "परत कशाला येतोस?" असे विचारणे म्हणजे पावसात भिजत चाललेल्या बैलगाडीवाल्याला "गाडी कशाला आणलीस?" असे विचारण्यासारखे आहे.

पण नुसत्या अज्ञानाचा प्रश्न असता तर मी लेखणी उचलली नसती. अज्ञान हा काही गुन्हा नाही. तसा तो असता तर आमची शाखा कधीच बंद पडली असती. माझे भांडण दुसरेच आहे.

आपल्याकडे एके काळी समुद्र ओलांडून जाणे हे पाप होते. विलायतेहून आलेल्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागे, तेव्हा कुठे जातवाले त्याला पंक्तीला घेत. त्या काळी प्रश्न होता, "जातोस कशाला?" आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांनाही तोच विचारला गेला, आणि निघण्यापूर्वी त्यांनी भरसभेत त्याचे उत्तर दिले: इथल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, म्हणून जाते, आणि परत येईन. 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला त्या पदवीधर झाल्या आणि त्याच वर्षाअखेर, दुखणे अंगावर घेऊन का होईना, परत आल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातली जागा त्यांची वाट पाहत होती. 1887 च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. पण "परत कशाला आलात?" असे त्यांना विचारण्याची बुद्धी त्या कर्मठ महाराष्ट्रालाही झाली नाही. आज आपण सुधारलो. जाणाऱ्याला आपण हार घालतो. प्रायश्चित्त आता परत येणाऱ्याला!

दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे केंब्रिजला गेले आणि 1899 साली सीनियर रँग्लर झाले. गणितातला त्याहून मोठा मान तिथे दुसरा नव्हता. ते परत आले आणि 1902 साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, कारण तशी कबुली त्यांनी आधीच दिलेली होती. आजचे आमचे पारावरचे तज्ज्ञ त्या वेळी असते तर त्यांनी रँग्लरांना कोपऱ्यात घेऊन सांगितले असते, "काय राव, गणित एवढं चांगलं, आणि साधा हिशेब नाही जमला?"

आणि एक उदाहरण तर असे आहे की तिथे विनोद करायला लेखणी धजत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडनला गेले. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. महायुद्धाचे दिवस, त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती, ती बोट टॉर्पेडोने बुडवली. ज्या देशात सोबतीला बसून जेवायला कोणाची हरकत नव्हती तिथून ते ज्या बडोद्यात आले, त्या बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळेना. परत न येण्याची सबळ कारणे कोणापाशी असतील तर ती त्यांच्यापाशी होती. ते आले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे आम्हा कॉमर्सवाल्यांच्या तीर्थक्षेत्रात, प्राध्यापकी केली, पैसे साठवले, 1920 साली पुन्हा लंडनला गेले आणि 1923 साली डी.एस्सी. झाले. प्रबंधाचा विषय काय? रुपया! मी दिवसभर जो मोजतो तोच.

यातून मला एवढेच दिसते, की परत येणे म्हणजे दार बंद होणे नव्हे. ज्याला पुन्हा जायचे असते तो पुन्हा जातो, आणि या वेळी स्वतःच्या पायाने, स्वतःच्या कारणासाठी जातो. माझा पुतण्याही उद्या पदवी घेऊन परत जर्मनीला गेला, जपानला गेला, कायमचा गेला, तरी त्याला जळगाव स्टेशनवर पोचवायला मीच जाणार आहे. त्याने असोद्यात राहून भरताची वांगीच लावावीत, असा माझा हट्ट नाही. (लावली तर वाईट नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आमच्या पदव्यांना ते अजून मिळालेले नाही.)

दुसरी बाजू मला माहीत नाही असे समजू नका. ती बाजू रोज माझ्या काउंटरसमोर रांगेत उभी असते. इंजिनिअर झालेले मुलगे आमच्या बँकेत शिपायाच्या जागेसाठी अर्ज करतात आणि मी ते अर्ज डोळ्यांनी पाहिलेले आहेत. कपाशीला भाव नाही, केळीवर रोग, नोकरीला वशिला. बाप माझ्याकडे शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला येतो आणि फाटक्या खिशातून चष्मा काढतो. शिक्षण संपल्यावर एक वर्षाने हप्ते सुरू होतात, असे मी त्याला सांगतो, तेव्हा तो मनातल्या मनात पगाराचा आकडा युरोत धरतो की रुपयात धरतो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते. अशा बापाने "पोरा, जमलं तर तिकडेच राहा" असे म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. त्याचे म्हणणे पोटातून आलेले असते.

पण पारावरचा प्रश्न पोटातून येत नाही, तो जिभेवरून येतो. त्यात काळजी नसते, निकाल असतो. आला म्हणजे हरला! मी रोज ज्या कर्जाच्या अर्जांवर शिक्के मारतो त्यांत नाव, पत्ता, जामीनदार, कॉलेज, फी असे सगळे रकाने आहेत, "मुलगा परत आल्यास कुटुंबास किती लाज वाटेल?" असा रकाना नाही. तो रकाना गावाने स्वतःच छापून घेतला आहे.

आमच्या खान्देशातून केळी बाहेर जाते. रावेर-सावद्याच्या बाजूने गाड्या भरभरून दिल्लीकडे जातात. केळीने परत यायचे नसते. परत आली तर समजावे की माल खराब निघाला. गावाच्या डोक्यात पोरगा आणि केळीचा घड यांची कुठेतरी सरमिसळ झालेली आहे.

आणि हे कोणत्या गावात? असोद्यात!

असोदा म्हणजे बहिणाबाईंचे माहेर. 1880 साली ती माउली इथे जन्मली, तेरा वर्षांची असताना लग्न होऊन जळगावला चौधरींच्या घरी गेली. असोद्याहून जळगाव किती? मी रोज स्कूटरने ऑफिसची वेळ चुकवून जातो, एवढे. पण त्या एवढ्याशा अंतराचे तिने काय करून ठेवले आहे पाहा! शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने माहेराच्या वाटेवर गाणी रचली. 1951 मध्ये ती गेली, 1952 मध्ये तिची गाणी पुस्तक होऊन आली, आणि 2018 साली आमच्या विद्यापीठाला तिचे नाव लागले. म्हणजे ज्या बाईला सही करता येत नव्हती तिच्या नावाची पदवी आज आमची पोरे भिंतीवर लावतात. परत येण्याची ओढ म्हणजे काय, हे जगाला ज्या गावाच्या लेकीने सांगितले, त्या गावात आज पारावर बसून लोक विचारतात, "परत कशाला येतो?"

मी यावर पुष्कळ विचार केला (आमच्या बँकेत सिस्टम बंद पडते तेव्हा विचाराला भरपूर वेळ मिळतो) आणि मला या प्रश्नाचे कूळ सापडले. हा प्रश्न नवा नाहीच. तो आपण लेकीबाळींना शेकडो वर्षे विचारीत आलो आहोत. आखाजीला लेक माहेरी येते, झाडाला झोका बांधतात, चार दिवस कौतुक होते. पण तीच लेक आखाजी नसताना, न बोलावता, हातात पिशवी घेऊन दारात उभी राहू दे! लगेच, "का गं, अशी अचानक आलीस?" आणि आठ दिवस राहिली की, "परत कधी जाणार?" लग्नात आपण तिला आशीर्वाद काय देतो? "दिल्या घरी सुखी राहा." ऐकायला किती गोड! पण त्याचा व्यवहारी अर्थ एवढाच, की बाई, सुख असो नसो, तिथेच राहा. इकडची जागा भरली. आता मुलगे परदेशी जाऊ लागले, तसा तोच आशीर्वाद आपण त्यांच्या डोक्यावर ठेवला. दिल्या देशी सुखी राहा! मुलींना परत पाठवणारा गाव आता मुलांना परत येऊ देत नाही. स्त्री-पुरुष समानता आली म्हणतात ती बहुतेक हीच.

यात मुलाच्या कानात काय पडते, याचा कोणी विचार केला आहे? परवा त्याचा फोन आला. इथे रात्रीचे साडेअकरा, म्हणजे तिथे संध्याकाळचे आठ. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो. इकडचे तिकडचे बोलणे झाले. अभ्यास, बाटल्या, बॅगेचे वजन. मग जरा थांबून म्हणाला, "काका, एक विचारू? मी आलो तर चालेल ना?"

बँकेत दरोडा पडला तरी मला बोलायला शब्द सुचतील, असा माझा समज आहे. त्या क्षणी सुचले नाहीत. एकवीस वर्षांचा मुलगा, स्वतःच्या घरी येण्यासाठी, काकाकडे परवानगी मागत होता! याला गावात काय काय ऐकवले गेले असेल, कोणी कोणी काय काय लिहून पाठवले असेल, ते एका "चालेल ना?" मध्ये मला कळले. "इथं काय ठेवेल हाय?" हे वाक्य बोलणाऱ्याला वाटते आपण गावाची निंदा करतो आहोत, आणि आपल्या गावाची निंदा करायचा आपल्याला हक्क आहे. पण ऐकणाऱ्याला ते वेगळे ऐकू येते. त्याला ऐकू येते, की इथे तुझे काही नाही आणि तुझ्यावाचून इथे कोणाचे अडलेले नाही.

आणि हे धडधडीत खोटे आहे. आमच्या वहिनीचेच बघा. चारचौघींत ती ठणकावून सांगते, "मी तर त्याला म्हटलं, राहा बाबा तिकडंच. आपलं काय, आपण काढू दिवस." बायका माना डोलावतात, केवढी ही धीराची बाई! पण स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यावर दूधवाल्याच्या खाड्यांच्या फुल्या असतात, हे मला माहीत होते. एप्रिलपासून त्यावर रोज एक बारीक टिंबही आहे, पेन्सिलीने, कोणाला दिसू नये असे. मी बँकेतला माणूस आहे. रोजच्या रोज मारलेली नोंद माझ्या नजरेतून सुटत नाही. वहिनीने यंदा ज्वारीचे बिबडे नेहमीच्या दुप्पट घातले आहेत. "कशाला एवढे?" म्हणून दादाने विचारले, तर म्हणाली, "ऊन चांगलं होतं." उन्हाला निमित्त करणाऱ्या या बाईला पारावरच्या मंडळींनी एकदा समोर उभे राहून विचारावे, "तुमचा मुलगा परत कशाला येतो?" मी लांबून बघेन. जवळ उभे राहण्यात धोका आहे, कारण तिच्या हातात लाटणे असते.

तेव्हा, मंडळी, माझी मागणी फार मोठी नाही. ठराव नको, मोर्चा नको. ज्यांना हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही त्यांनी तो आधी स्वतःला विचारावा. तुम्ही रोज बाजारातून घरी परत कशाला येता? शेतातून कशाला येता? पंढरपूरला गेलात, तिथे तर साक्षात विठ्ठल आहे. मग वारी संपल्यावर बस पकडून असोद्याला कशाला आलात? विठ्ठलाने काही "अठरा महिन्यांची मुभा आहे, बघा जमतं का," असे म्हटले नव्हते. पण त्याने म्हटले असते तरी तुम्ही आला असतात.

आणि अगदीच काही विचारायचे असेल तर विचारण्यासारखे पुष्कळ आहे. तिकडे पाऊस कसा आहे, विचारा. पेपर कसे गेले, विचारा. तिकडचा शेतकरी काय पिकवतो, त्याला भाव काय मिळतो, विचारा. तुम्हाला नवल वाटेल. मुंबईहून गाडी कोणती धरणार, जळगावला किती वाजता उतरणार, घ्यायला मोटारसायकल आणू की रिक्षा सांगू, हे विचारा. हे सगळे प्रश्न खान्देशी माणसाला तोंडपाठ आहेत. पाहुण्याला आपण ते रोज विचारतो. फक्त आपल्याच पोराच्या वेळी विसरतो.

तो आल्यावर चार दिवसांनी पुन्हा पुण्याला जाईल, त्यानंतर कुठे जाईल ते त्याचे तो ठरवील. तोवर याद्या देणाऱ्यांना एकच सूचना: ड्रिल मशीन येणार नाही. तेवीस किलोंत बसत नाही.